यूदा फुटबॉलच्या मैदानात: डीसीआयच्या गुरुवारच्या तिकिटाचा रिव्ह्यू

शनिवारच्या फायनलपेक्षा गुरुवारचं तिकीट घ्या. हे आधीच सांगून टाकतो, कारण शेवटपर्यंत वाचायला सगळ्यांना सवड नसते आणि ज्यांची मुलं-नातवंडं इकडच्या, अमेरिकेतल्या शाळांत मार्चिंग बँडला लागली आहेत, ते मला नेमकं हेच विचारतात. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये ड्रम कोअर इंटरनॅशनलची, म्हणजे डीसीआयची, स्पर्धा असते. २००९ पासून फायनल इथेच होते. गुरुवारी लहान-मोठे सगळे संघ उतरतात, शुक्रवारी त्यातले पंचवीस उरतात, शनिवारी बारा. शनिवारचे पैसे आपण निकालाच्या धाकधुकीचे मोजतो. मी गेलो त्या वर्षी, २०१६ मध्ये, ओहायोचे ब्लूकोट्स पहिल्यांदाच जिंकले, त्यांच्या लोकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं म्हणे. म्हणे, कारण मी तोवर घरी पाय शेकत बसलो होतो. पण गुरुवारी जे पाहिलं, त्यातला एक शो, येशूला दगा देणाऱ्या यूदा या शिष्यावरचा, अजून डोक्यातून जात नाही. तो आवडला की नाही, हे ठरवायला मला हा सगळा मजकूर लिहावा लागतोय.

ज्यांनी ड्रम कोअर पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फक्त ब्रास (फुंकून वाजवायची पितळी वाद्यं), ताल आणि निशाणवाले. बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन यांना प्रवेश नाही. २०१६ मध्ये एका संघात जास्तीत जास्त दीडशे जण असत, वय फार तर एकवीस. उन्हाळाभर बसने गावोगाव फिरायचं, शाळांच्या जिमच्या फरशीवर झोपायचं, दिवसभर उन्हात तालीम करायची आणि रात्री अकरा-बारा मिनिटांचा एकच शो सादर करायचा. शंभर गुणांतले चाळीस एकूण परिणामाचे, तीस दिसण्याचे, तीस संगीताचे. आपल्याकडच्या बँडसारखं रांगेत सरळ जाणं नाही. दीडशे माणसं मैदानभर आकृत्या बांधतात, मोडतात, धावत धावत वाजवतात. मी स्वतः वसईतल्या आमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) बँडमध्ये आधी कॉर्नेट आणि नंतर ट्रम्पेट वाजवलं. सणाची मिरवणूक असो, लग्नाची वरात असो, चालता चालता सूर धरणं म्हणजे काय ते माझ्या ओठांना ठाऊक आहे. इथली पोरं पळताना जो सूर धरतात, तो मला उभं राहूनही कधी लागला नाही.

तर तो शो. मॅडिसन स्काउट्स हा विस्कॉन्सिनचा १९३८ मध्ये सुरू झालेला संघ, तेव्हा फक्त मुलग्यांचा, दोन वेळचा विजेता (१९७५ आणि १९८८), आणि दणदणीत ब्राससाठी ओळखला जाणारा. त्या वर्षी त्यांनी शोचं नाव ठेवलं ‘ज्युडस’, म्हणजे यूदा. संगीत ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’चं. म्हणजे अँड्र्यू लॉइड वेबर आणि टिम राइस यांचं ते रॉक संगीतनाटक, १९७० मध्ये आधी रेकॉर्ड म्हणून आलेलं आणि १९७१ च्या ऑक्टोबरात ब्रॉडवेवर चढलेलं. तेव्हा नाट्यगृहाबाहेर निदर्शनं झाली होती, ख्रिस्ती लोकांची आणि ज्यूंचीही, प्रत्येकाची कारणं वेगळी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत ते इतकं घरातलं झालं की आता अठरा-वीस वर्षांची पोरं ते फुटबॉलच्या मैदानावर घेऊन येतात आणि माझ्यासारखा रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) न चुकवणारा म्हातारा पॉपकॉर्न हातात घेऊन बघतो.

माझ्यासाठी या संगीतात आणखी एक गाठ आहे. १९७४ मध्ये अलेक पदमसींनी मुंबईत ‘सुपरस्टार’ इंग्रजीत उभं केलं होतं. कॉलेजातल्या एका मित्राने तिकीट काढलं म्हणून वसईहून लोकलने गेलो. फादरांना सांगितलं नव्हतं. त्यात यूदा होता नंदू भेंडे. आत्माराम भेंड्यांचा मुलगा, आपला मराठी माणूस, आणि यूदा! पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’मुळे मराठी प्रेक्षकांना तो कळला, पण मी त्याला आधी यूदा म्हणूनच ऐकलं. २०१४ मध्ये तो गेला तेव्हा पेपरात सगळ्यांनी बाकीच्या कामांबद्दल लिहिलं, मला मात्र तो तिथे उभा राहून येशूशी हुज्जत घालतानाच आठवला. हुज्जत हा शब्द जाणूनबुजून लिहितोय. ‘सुपरस्टार’मधला यूदा खलनायक नाही, तो वाद घालतो. नाटकाचं पहिलं गाणंच त्याचं आहे: लोक तुला देव समजायला लागलेत, रोमन लोक आपल्याला चिरडतील, थांब जरा. ते म्हणणं पटो न पटो, समोरचा माणूस तर्काने बोलतोय हे कळतं. नंदू भेंडेचा आवाज तेव्हा चिडका आणि थोडा रडवेलाही होता, आणि त्यातच तो यूदा उभा राहिला होता.

आता हाच वाद शब्दांशिवाय कसा घालायचा? स्टेजवरचं संगीतनाटक मैदानात आणताना पहिला बळी शब्दांचा जातो. २००४ पासून डीसीआयमध्ये माइक चालतो, म्हणजे एखाद्याला गायला किंवा बोलायला उभं करता येतं. पण एक आवाज आणि त्याच्या मागे सत्तर-ऐंशी ब्रास, शिवाय स्टेडियमचं छत, तेव्हा शब्द पहिल्या दहा रांगांच्या पलीकडे पोचत नाहीत. म्हणून गायकाची ओळ ट्रम्पेटला किंवा मेलोफोनला (मधल्या सुरांच्या ब्रासला) द्यायची, हाच राजमार्ग. सूर पोचतो. सुराबरोबर म्हणणं पोचतं का? यूदाच्या बाबतीत अर्धंच पोचतं, असं माझं मत झालं. त्याच्या पहिल्या गाण्याखाली गिटारची जी खालच्या पट्टीत घोळत राहणारी ओळ आहे, तशी ओळ ट्युबांच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुरांच्या ब्रासच्या, हाती पडली की पोटात धस्स होतं, कारण ट्युबा मैदानावर खांद्यावर असतात, तोंड थेट प्रेक्षकांकडे. संशय, घुसमट, काहीतरी वाईट होणार ही जाणीव, हे सगळं ब्रास फार छान सांगतो. पण संशय कशाचा, हे सांगत नाही. त्यासाठी आपल्याला मूळ गाणं पाठ असावं लागतं. नाहीतर निदान बायबलमधलं मत्तयचं शुभवर्तमान.

याचा पुरावा माझ्या शेजारच्याच खुर्चीत बसला होता. आमच्या कॉलनीतले पुण्याचे एक गृहस्थ, तरुणपणी ढोल-ताशा पथकात ताशा वाजवलेले, मोठ्या उत्साहाने बरोबर आले होते. दिवसभर त्यांनी ड्रमलाइनवर जे भाष्य केलं, त्याचं वेगळं तिकीट लावलं असतं तरी मी घेतलं असतं. स्नेअरवाल्यांच्या काठ्या एकाच उंचीवर उठतात हे पाहून ते थक्क झाले, मग म्हणाले, “पण हे फारच स्वच्छ आहे हो. आमच्याकडे ताशा थोडा उधळला पाहिजे, त्याशिवाय ढोलाला चेव येत नाही.” ‘ज्युडस’ संपल्यावर लोक उभे राहून ओरडत होते, तेव्हा त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, “तुम्ही सांगा, यातला यूदा नक्की कोणता? आणि त्याने केलं काय?” मी तीस नाणी, बागेतलं चुंबन, मग पश्चात्ताप आणि गळफास, सगळं दोन वाक्यांत सांगितलं. ते गप्प झाले. “अहो, मग ही माणसं टाळ्या कशाला वाजवतायत?”

प्रश्न बिनतोड होता. मैदानावरच्या ब्रासचा स्वभावच असा की मोठा आवाज म्हणजे विजय. मी वाजवणारा माणूस आहे, तेव्हा हे जरा तपशिलात सांगतो. ‘सुपरस्टार’मध्ये येशूचं बागेतलं गाणं आहे, गेथशेमाने बागेत देवबापाशी भांडण्याचं. गायक त्यात वर वर जातो आणि शेवटी आवाज जवळजवळ फाटतो. तो फाटतो म्हणूनच अंगावर काटा येतो, कारण माणसाचा गळा तिथे पुरत नाही. आता तीच जागा वीस-पंचवीस ट्रम्पेटना द्या, वर्षभर तालीम केलेल्या, एका श्वासात, एका पट्टीत. सूर वर जातो आणि लखलखतो. कुठेही फाटत नाही. ऐकायला इतकं सुंदर की माणसं खुर्चीवरून उठतात, आणि अगतिकता तेवढी बाजूला राहते. मला हा कुणा एका संघाचा दोष वाटत नाही, माध्यमच तसं आहे. पण अशा कथेला हात घालणाऱ्याला हे आधी ठाऊक हवं आणि दुःखाच्या जागी त्याने आवाज कमी करायला हवा. आमच्याकडे गुड फ्रायडेला चर्चची घंटा वाजत नाही, लाकडी खटखटा फिरवतात आणि बँडला सुट्टी असते. मी लहानपणापासून या कथेचा शेवट वाद्यं बंद करूनच ऐकलाय. दीडशे माणसांनी मैदानावर एकदम थांबून नुसती ड्रमच्या कडेवर काठी आपटली असती, तर मी तिथेच कोसळलो असतो.

तरीही या संगीताची निवड चुकली असं नाही म्हणवत. उलट ‘सुपरस्टार’मध्ये मैदानासाठी इतका माल भरलाय की कुणाही अरेंजरच्या (वाद्यांसाठी संगीत बसवणाऱ्याच्या) तोंडाला पाणी सुटेल. एक गंमत सांगतो, मार्चिंग करणाऱ्यांनाच कळेल अशी. फुटबॉलचं मैदान शंभर यार्डांचं, दर पाच यार्डांवर पांढरी रेघ. साधा हिशेब असा की पाच यार्डांत आठ पावलं. चार मात्रांचं संगीत असलं की दोन आवर्तनांत बरोबर पुढच्या रेघेवर, आणि सम नेहमी डाव्या पायावर. आता ‘एव्हरीथिंग्ज ऑलराइट’ घ्या, मारीया माग्दालेना येशूला शांत करते ते गाणं. ते पाच मात्रांचं आहे. पहिलं आवर्तन डाव्या पायावर सुरू झालं की दुसरं उजव्यावर, तिसरं परत डाव्यावर. शरीर एक सांगतं आणि कान दुसरं. त्याच गाण्यात यूदा मध्येच घुसून विचारतो की एवढं महाग अत्तर पायावर ओतण्यापेक्षा गरिबांना का दिलं नाही. म्हणजे गाणं अंगाई आणि पायाखाली मात्र जमीन सरकतेय. मंदिरातल्या बाजाराचं गाणं तर सात मात्रांचं. मग रोमन सुभेदार पिलातापुढचे एकोणचाळीस फटके, नाटकात ते मोठ्याने मोजले जातात. मोजणं म्हणजे ड्रमलाइनचं घरचंच काम! राजा हेरोदाचं गाणं तद्दन नाच-तमाशाचं. रॉक, अंगाई, बाजार, फटके, रॅगटाइम, आणि हे सगळं एका माणसाच्या मरणाभोवती. सांगण्याचा मुद्दा एवढाच की माल कमी नाही, त्यातून काय उचलायचं हाच प्रश्न आहे.

आणि इथे मला दुसरा एक शो आठवतो. तो मी प्रत्यक्ष पाहिलेला नाही, नातवाच्या बँडच्या सरांनी पोरांना जुनं रेकॉर्डिंग दाखवलं तेव्हा मागे बसून पाहिला. कॅलिफोर्नियाची सँटा क्लारा व्हॅनगार्ड, १९९२, ‘फिडलर ऑन द रूफ’. हे १९६४ मधलं ब्रॉडवेचं संगीतनाटक, रशियातल्या एका ज्यू खेड्यातला दूधवाला, त्याच्या मुली, त्यांची लग्नं, शब्बाथ (आठवड्याचा विश्रांतीचा पवित्र दिवस), परंपरा आणि शेवटी गाव सोडून जाणं. व्हॅनगार्डने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपासून यातली गाणी वाजवली आणि त्यातला बॉटल डान्स तर त्यांची ओळखच होऊन बसला. नाटकात लग्नाच्या प्रसंगी पुरुष डोक्यावरच्या टोपीवर बाटली ठेवून नाचतात, गुडघ्यांवर येतात, बाटली पडू द्यायची नाही. जेरोम रॉबिन्स या नृत्यदिग्दर्शकाने म्हणे हसिदी, म्हणजे ज्यूंच्या एका कर्मठ पंथातल्या, लग्नांत जाऊन असं काही पाहिलं आणि त्यावर हा नाच बसवला. १९९२ मध्ये व्हॅनगार्डने पुन्हा आख्खा शो ‘फिडलर’वर केला.

आमच्या पुणेकरांना मी मुद्दाम तेही रेकॉर्डिंग दाखवलं. ज्यू धर्माबद्दल त्यांना माझ्यापेक्षाही कमी माहिती. पण एकही प्रश्न आला नाही. लग्न आहे, गावचे लोक आहेत, नाच हळू सुरू होतो आणि चढत जातो, हे त्यांना सांगावं लागलं नाही. दोनदा पाहिलं त्यांनी.

मला वाटतं फरक इथे आहे. ‘फिडलर’मधून मैदानात काय आलं? विधी आला. लग्न, प्रार्थना, नाच, रांगेने गाव सोडून जाणं. विधीला शब्द लागतच नाहीत, किंवा असले तरी ते कुणाला कळत नाहीत. माझ्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती, आईला एक अक्षर कळायचं नाही, पण कधी गुडघे टेकायचे आणि कधी उठायचं हे अंगात होतं. विधी म्हणजे हालचाल, जागा, क्रम. ड्रम कोअरकडेही हेच भांडवल आहे. ‘सुपरस्टार’चा जीव मात्र वादात आहे. यूदाचा येशूशी, येशूचा बापाशी, पिलाताचा गर्दीशी. वाद मैदानात मुका होतो. मॅडिसनवाल्यांनी तर सगळ्यांत जास्त बोलणारं पात्रच मध्यभागी घेतलं. धाडस मोठं, यात शंका नाही. आणि नुसत्या मुलग्यांच्या संघाने दगा देणाऱ्या मित्राची कथा निवडावी यात एक वेगळी चमक आहे, हेही खरं. ज्यांच्या संघाचं गाणंच ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’, म्हणजे तू एकटा चालणार नाहीस, त्यांनी एकट्या पडलेल्या माणसावर शो करायचा! ही गोष्ट मला घरी येताना गाडीत सुचली आणि मग शो थोडा जास्त आवडायला लागला.

मी अरेंजर असतो तर काय केलं असतं, हे विचारायला कुणी येणार नाही, तरी सांगतो. क्रुसाची वाट घेतली असती. वसईत उपवासकाळात आम्ही येशूच्या क्रुसापर्यंतच्या प्रवासाची चौदा स्थानं चालतो, गावातून, वाडीतून, प्रत्येक स्थानाशी थांबतो, गुडघे टेकतो, परत चालतो. चालणं, थांबणं, पडणं, उठणं. तीन वेळा तर येशू पडतोच. ‘सुपरस्टार’चं संगीत घेऊन नाटकाचा क्रम सोडून द्यायचा आणि मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच प्रवास करायचा. यूदा त्यात उलट दिशेने चालणारा एकटा. मधल्या, पन्नास यार्डांच्या रेघेवर दोघं समोरासमोर येतात आणि जातात. वरून बघणाऱ्या पुणेकरालाही कळलं असतं. असो, सल्ला फुकट आहे.

धर्माचा प्रश्न काही जणांनी विचारला, विशेषतः चर्चमधल्या मंडळींनी. फुटबॉलच्या मैदानात, गुणांसाठी, येशूच्या दुःखाचा शो, हे बरं दिसतं का? मला खटकलं नाही. एक तर ड्रम कोअरचं मूळच अर्धं चर्चच्या आवारात आहे. पुढे नुसतं ‘कॅडेट्स’ नाव लावलेला संघ १९३४ मध्ये न्यू जर्सीच्या गारफिल्डमध्ये ‘होली नेम कॅडेट्स’ म्हणून सुरू झाला, होली नेम धर्मग्रामाचा. बॉस्टन क्रुसेडर्सही तिथल्या एका कॅथलिक धर्मग्रामातूनच निघाले. पोरांना रस्त्यावरून उचलून हातात बिगुल द्यायचा, हे काम तिथल्या फादरांनी केलं आणि आमच्याकडच्या फादरांनीही. मला कॉर्नेट दिला तो फादरांनीच, वर पोलिशचा डबा दिला आणि सांगितलं, आधी चकचकीत कर, मग फुंक. दुसरं असं की ‘सुपरस्टार’ पुनरुत्थानापर्यंत जातच नाही, दफनाशी थांबतं, यावर तक्रार करायची असेल तर ती वेबर आणि राइस यांच्याकडे, या पोरांकडे नाही.

पोरं म्हणजे काय, हे शोच्या आधी बाहेर कळतं, म्हणून तिकिटाइतकाच वेळ बाहेर घालवा. स्टेडियमच्या आसपासच्या मोकळ्या जागांत संघ वॉर्मअप करतात आणि तुम्ही दहा हातांवर उभे राहू शकता, फुकटात. एका संघाचा ब्रास कमानीत उभा होता. आधी नुसता श्वास. आठ मात्रा आत, आठ बाहेर, मग चार, मग एक. आवाज काही नाही, सत्तर माणसांच्या फुप्फुसांचा फक्त सळसळाट. माझ्या समोरच्या ट्युबावाल्याच्या खांद्यावर, जिथे वाद्य टेकतं, तिथे शर्टाच्या आत टॉवेलची घडी खोचलेली दिसत होती. मानेवर उन्हाने रापलेली रेघ, त्याच्या खाली एकदम गोरी कातडी. ओठ मधोमध फुटलेला. त्याने त्यावर काहीतरी चोपडलं, बोट पँटला पुसलं आणि पहिला खालचा सूर लावला. माझ्या छातीचं हाड त्याबरोबर वाजलं. नातू शेजारी उभा होता, तो मेलोफोन वाजवतो. तो त्यानंतर तासभर बोलला नाही, आणि आमचा नातू गप्प बसणाऱ्यांतला नाही.

आता कामाच्या गोष्टी. जागा निवडताना खालच्या रांगांचा मोह टाळा. खाली बसलं की समोर पिट, म्हणजे मारिंबा-व्हायब्राफोनसारख्या एका जागी ठेवलेल्या वाद्यांचा ताफा, त्याचा आवाज कानात आणि मैदानावरच्या आकृत्या म्हणजे नुसते पाय. शो वरून बघण्यासाठीच रचलेले असतात, परीक्षकही बरेच वर बसतात. मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंच्या पस्तीस यार्डांच्या रेघांदरम्यान बसा, जमेल तितकं वर. छप्पर सरकतं असलं तरी बंद असलं की आवाज समोरच्या भिंतीवरून परत येतो, टोकाच्या जागांवर तर एकच फटका दोनदा ऐकू येतो. बारीक ताल ऐकायचा असेल तर मधली जागाच हवी. आतला एसी कडक असतो. बाहेर घामाच्या धारा आणि आत आमच्या बायकोने शाल काढली, मी आधी हसलो आणि मग अर्धी मागितली. कानांत घालायची बोळी बरोबर न्या, लहान मुलं असतील तर नक्कीच. सकाळी लहान संघ असतात, तेव्हा गर्दी नसते. त्यांच्याकडे दीडशे माणसं नसतात, चाळीस-पन्नासच असतात, पण एखादा पोरगा एकटा पुढे येऊन सोलो वाजवतो तेव्हा रिकाम्या स्टेडियममध्ये तो सूर पार वरपर्यंत येतो. संध्याकाळी, मोठे संघ यायला लागल्यावर, आपण थकलेले असतो, म्हणून दुपारी दोन तास बाहेर वॉर्मअपला जा आणि परत या. तिकीट ज्या वेबसाइटवरून काढलं, तिने शेवटच्या पानावर वरकड शुल्क असं काही लावलं की जावयाने दोनदा चष्मा पुसला. खिडकीवर रांग लावली असती तर ते वाचलं असतं.

गुरुवारच्या तिकिटाला पाचपैकी पाच. ‘ज्युडस’ला मी साडेतीन देईन, त्यातला अर्धा त्या निवडीच्या धाडसाला. पुणेकर तीनवर अडून आहेत. त्यांच्या मते यूदाच्या हातात निदान पैशांची थैली तरी ठळक दिसायला हवी होती, एवढ्या लांबून माणूस ओळखायचा कसा. नातवाने पाच दिले. त्याला कथा ठाऊक आहे, कॅटेकिझमला (चर्चमधल्या धर्मशिक्षणाला) जातो, पण गुणांचं कारण विचारलं तर म्हणाला, “आजोबा, त्यांचे बॅरिटोन ऐकलेत ना?” ऐकले. यूदासाठी ऐकायला गेलात तर बॅरिटोन, म्हणजे ट्युबापेक्षा लहान ब्रास, आणि ट्युबा यांच्याकडेच कान ठेवा. ट्रम्पेटकडे बघायला बाकीचं स्टेडियम आहेच.